पान कोणतं?

आमच्या वाचकगटाचे पहिल्या वर्षाचे मेसेज कुणी चाळले, तर तीनच गोष्टी सापडतील: मुखपृष्ठांचे फोटो, 'अप्रतिम' आणि त्याखाली जोडलेले हात. कुणीतरी 'आत्ताच वाचून संपवलं, निःशब्द!' असं टाकायचं, की खाली धडाधड अंगठे. निःशब्द झालेला माणूस पुढं बोलणार काय? आणि अंगठा दाखवणाऱ्यानं पुस्तक वाचलंय की नुसतं मुखपृष्ठ पाहिलंय, हेही कळायला मार्ग नसायचा. मधूनच सुप्रभात, मधूनच कुठल्याशा डॉक्टरांच्या नावानं फिरणारा लसणीचा उपाय. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे लसणीवर मात्र मी हटकून भांडायचे.

या गटात मी आले ती पुरामुळे. आम्ही चिपळूणचे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, तेव्हा दुकान आणि घराचा खालचा मजला दोन्ही पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर औषधं फेकून देणं सोपं होतं, त्यांचा विमा होता. पुस्तकांचं कपाट उघडेचना. कागद पाणी पिऊन फुगला होता आणि पुस्तकं खणात अशी घट्ट रुतून बसली होती की शेवटी पहार घालून फळ्याच उचकटल्या. आतून निघाला तो एकसंध लगदा. पुस्तकांच्या पाठीवरची काही नावं तेवढी वाचता येत होती. गावातल्या वाचनालयालाही पाण्यानं सोडलं नव्हतं, म्हणजे तिकडूनही काही आणायची सोय नाही. कॉलेजातल्या मैत्रिणीनं मला या गटात घातलं आणि म्हणाली, काय काय गेलं त्याची यादी टाक, लोक पाठवतील.

यादी टाकली. गटात पहिलं खरं भांडण झालं ते त्या यादीवरून. पुण्याच्या एक निवृत्त संस्कृत शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांनी लिहिलं, "'मृत्युंजय' गेलं ना, त्याचं फारसं वाईट वाटून घेऊ नका. त्याऐवजी 'युगान्त' पाठवते." 'मृत्युंजय' ही शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी, 'युगान्त' हे इरावती कर्वेंचं महाभारतातली माणसं तपासणारं पुस्तक. बाईंच्या या वाक्यावर सोलापूरचे दादा असे काही उसळले, की आम्ही सगळे फोन हातात धरून बघत बसलो. दादा यंत्रमागावर टॉवेल विणतात. त्यांच्या आयुष्यातली पहिली कादंबरी म्हणजे 'मृत्युंजय', रात्रपाळीत वाचलेली. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण ह्या पुस्तकाला हात लावायचा नाही," असं त्यांनी बजावलं. बाईंनी उत्तरादाखल एक स्मितहास्य पाठवलं, ते तर जास्तच झोंबलं. पाचव्या दिवशी मला दोन्ही पुस्तकं मिळाली. एक पुण्याहून, एक सोलापूरहून.

भांडण मिटलं नाही, मुरत राहिलं. पण एवढं कळलं की या माणसांना बोलायचं आहे. कसं बोलायचं, ते ठरायला बराच वेळ गेला.

पहिला तंटा पीडीएफचा. कुणी 'हवं आहे' म्हटलं की दहा मिनिटांत कुठून तरी स्कॅन केलेली प्रत यायची, अर्ध्या पानांवर कुणाचा तरी अंगठा उमटलेला. बेळगावचे एक पुस्तकविक्रेते गटात आहेत. त्यांनी एकदा शांतपणे हिशेब मांडला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. इरावती कर्वे 1970 साली गेल्या, म्हणजे 2030 संपेपर्यंत 'युगान्त'चा हक्क आहे. शिवाजी सावंत 2002 साली गेले, म्हणजे 2062 संपेपर्यंत. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं सगळं 2011 पासून खुलं. लक्ष्मीबाई टिळकांचं तर कधीचंच. "खुलं आहे ते खुशाल फिरवा, बाकीच्यासाठी आमच्याकडे या, उधारीवर देतो," म्हणाले. दोघंतिघं रागावून गट सोडून गेले. गेले ते गेले. फुकट मिळालेली पीडीएफ शेवटपर्यंत वाचल्याचं आजवर एकानंही मला सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट घडवली ती अकोल्याच्या काकांनी. काका निवृत्त पोस्टमास्तर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री नऊला आम्ही व्हिडिओवर भेटायला लागलो होतो. मी दुकानाचं शटर ओढून आतच बसते. गटातली एक मुलगी म्युनिकला असते, तिच्याकडं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच, थंडीत साडेचार. पहिल्या दोन-तीन भेटी अगदीच रटाळ. 'लेखकानं फार छान मांडलंय', 'मनाला भिडलं', 'आजही समकालीन आहे'. काका ऐकत होते. मग म्हणाले, "पत्ता नसलेलं पत्र आम्ही आरएलओला, म्हणजे न पोचलेल्या पत्रांच्या कचेरीला, पाठवत होतो. तुमचं निम्मं बोलणं आरएलओचं आहे. कुठं छान मांडलंय? पान सांगा."

तेव्हापासून नियम झाला. मत द्यायचं तर पान द्यायचं. ते पान उघडून चार ओळी मोठ्यानं वाचायच्या, मग काय म्हणायचं ते म्हणायचं. दुसरा नियम बाईंचा: ज्याला पुस्तक आवडलं नाही, त्यानं आधी बोलायचं. आपल्याकडे कौतुक एकदा सुरू झालं की नंतर कुणाची जीभ रेटत नाही. नावडलेल्यानं सुरुवात केली की आवडलेल्यांना आपोआप पानं शोधावी लागतात.

नियम सुटसुटीत होता, पण पहिल्याच झटक्यात गडबडला. प्रत्येकाची आवृत्ती निराळी. दादांच्या जुन्या प्रतीतलं पान 212 म्हणजे माझ्या प्रतीत भलतंच काही. म्युनिककरणीच्या ई-पुस्तकात पानच नाही, टक्के. लातूरच्या ताई शिवणकाम करतात आणि मशीन चालवता चालवता पुस्तकं ऐकतात, त्या म्हणाल्या, "मी मिनिट सांगते." मग ठरलं, की प्रकरण सांगायचं आणि परिच्छेदाचे पहिले दोन शब्द. ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का, यावर मात्र एक अख्खी भेट गेली. पुस्तकविक्रेते अर्थातच विरोधात. तो वाद पुढं ताईंनीच एका वाक्यात निकालात काढला, ते येईलच.

गेल्या पावसाळ्यात, 2025 च्या जूनमध्ये, काकांनीच ते मुरलेलं भांडण वर काढलं. दोन्ही पुस्तकं एकत्र वाचायची, असं ठरलं. 'मृत्युंजय' आणि 'युगान्त' दोन्ही 1967 ची. हे मला तोवर माहीत नव्हतं आणि कळल्यावर गंमत वाटली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1966 ला, पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली होती. 1919 पासून चाललेलं काम, 1259 हस्तलिखितं ताडून पाहिलेली. म्हणजे मराठीत साधारण एकाच वेळी एकीकडं डेक्कन कॉलेजातली मानववंशशास्त्रज्ञ बाई महाभारत तपासत होती, आणि दुसरीकडं आजऱ्याचा सत्ताविशीतला तरुण कर्णाच्या अंगात शिरून लिहीत होता. 'युगान्त'ला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'मृत्युंजय'ला पुढं पुष्कळ मान मिळाले, 1994 साली मूर्तिदेवी पुरस्कारही. पण खरा मान पश्चिम महाराष्ट्रातल्या रिक्षांच्या मागं पाहावा. 'मृत्युंजय', 'सूर्यपुत्र', 'राधेय'. 'युगान्त' लिहिलेली रिक्षा मी अजून पाहिलेली नाही.

'मृत्युंजय' बहुतेकांकडे होतं. 'युगान्त'च्या मोजक्याच प्रती, त्या फिरवायच्या ठरल्या. इथं काकांना पुन्हा हुरूप आला. टपाल खात्यानं 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, वर कर. रस्त्यानं जातं, म्हणून सावकाश. पण पाकीट कुठवर पोचलं ते दिसतं. काका रोज सकाळी ते तपासून गटात टाकायचे, "आपलं 'युगान्त' मनमाडला पोचलं." कुरिअरच्या मानानं निम्म्याहून कमी खर्च आला. तरी एक प्रत पावसात ओली होऊन आली आणि ती नेमकी माझ्याच हाती. ओलं पुस्तक कसं वाळवायचं हे मला कुणी शिकवायला नको. पानांमध्ये टिपकागद घालून, पंख्याखाली उभं करून, दोन दिवसांनी वजनाखाली.

ती प्रत माझ्याकडं आली तेव्हा तिच्यात चार हातांची पेन्सिल होती. बाईंचं बारीक, सरळ अक्षर: 'पाहा, सभापर्व.' काकांच्या खुणा पोस्टातल्यासारख्या, गोल करून बरोबरची खूण. चंद्रपूरच्या सरांनी समासात फक्त उद्गारचिन्हं काढलेली. आणि कर्णाच्या प्रकरणात दादांचं ठसठशीत अक्षर, जागोजाग एकच शब्द: 'खोटं.' त्याच्या खाली बाईंनी, प्रत फिरून परत त्यांच्याकडे गेल्यावर, लिहिलेलं: 'कशावरून?' एका पानात सोलापूर–पुणे एसटीचं तिकीट खूण म्हणून राहिलं होतं. ते मी तिथंच ठेवलं.

कर्णाची भेट एका रविवारात आटपेल असं वाटलं होतं. चार रविवार लागले.

नियमाप्रमाणे नावडलेल्यांनी आधी. म्हणजे 'युगान्त' न आवडलेले दादा आधी. त्यांनी पान काढून काही वाचून दाखवलंच नाही, सरळ म्हणाले, "बाई हुशार आहेत, पण त्यांना कुणी जात विचारून दारातनं हाकललेलं नसणार. म्हणून असं लिहिता येतं." हे इरावतीबाईंबद्दल की पुण्याच्या बाईंबद्दल, कुणालाच कळलं नाही. क्षणभर वाटलं, गट मोडतो. पुण्याच्या बाई म्हणाल्या, "दादा, पान?" दादा गप्प. मग बाईंनीच कर्णाच्या प्रकरणातला एक भाग वाचला. समाजात आपली जागा कोणती, हे कर्णाला शेवटपर्यंत उमगत नाही आणि त्या शोधातच तो कधी तोल सोडून वागतो, असं इरावतीबाई तिथं मांडतात. दादांनी पुन्हा वाचायला सांगितलं. बाईंनी वाचलं. "हे मी वाचलं तेव्हा रागात होतो," एवढंच दादा म्हणाले.

मग बाईंनी हत्यारं बाहेर काढली. द्रौपदी स्वयंवरात 'मी सूताला वरणार नाही' म्हणाली, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. निम्मी कर्णभक्ती त्या अपमानावर उभी आहे. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत तो श्लोक नाही. तळाशी, पाठभेदांत आहे. बाईंनी तो खंड कॅमेऱ्यासमोर धरला. वर चार-पाच ओळींची संहिता आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत कुठल्या हस्तलिखितात काय आहे त्याची दाटी. वाचता कुणालाच आलं नाही, पण तळटीप किती खोल असू शकते ते सगळ्यांनी पाहिलं. त्यावर बाईंनी वनपर्वातली घोषयात्रा, म्हणजे कौरव गुरं पाहायला वनात गेले तो प्रसंगही काढला. गंधर्वांनी दुर्योधनाला पकडून नेलं तेव्हा तुमचा कर्ण कुठं होता? रण सोडून गेला होता.

दादांनी उत्तर द्यायला एक महिना मागून घेतला.

तो महिना ते सोलापूरच्या वाचनालयात बसले. महाभारताच्या जुन्या मराठी भाषांतराचे जाडे खंड घरी देत नाहीत, म्हणून दिवसपाळी मागून घेऊन संध्याकाळी तिथंच. पुढच्या रविवारी कॅमेरा चालू करून, चष्मा लावून, वहीतून उतरवून आणलेला उतारा त्यांनी वाचला: अनेक गंधर्व एकट्या कर्णावर तुटून पडले, रथाचे तुकडे तुकडे केले, तेव्हा तो विकर्णाच्या रथावर चढून बाहेर पडला. "रथ मोडला होता. हे तुम्ही सांगितलं नाहीत, बाई." बाई म्हणाल्या, "खरंय. हे मी सांगायला हवं होतं." दादांचा चेहरा मॅट्रिकचा निकाल लागल्यासारखा. आमच्यापैकी कुणीतरी लगेच अंगठा टाकलाच.

पण म्युनिककरीण तयारीत होती. तिनं सभापर्व उघडलं. द्रौपदीला सभेत ओढून आणल्यावर तिच्याबद्दल सगळ्यात विखारी कोण बोललं? कर्ण. तिला कुलटा कोण म्हणालं? कर्ण. वस्त्र उतरवायला दुःशासनाला कुणी सांगितलं? तिनं तो भाग सावकाश वाचला आणि विचारलं, "दादा, ह्याला पान आहे?" दादा बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. म्हणाले, "इथं माझ्याकडं पान नाही."

त्याच भेटीत लातूरच्या ताई, मशीन थांबवून, पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. "मी सगळी कादंबरी ऐकली. सहा जण बोलतात: कर्ण, दुर्योधन, शोण, कुंती, वृषाली, कृष्ण. द्रौपदीला पाळीच नाही." आम्ही मोजलं. खरंच नाही. आमच्यातल्या कितीकांनी ते पुस्तक दोनदा-तीनदा वाचलेलं, दादांनी तर कितीदा देव जाणे. पुढं ताई म्हणाल्या, "त्या 'युगान्त'मधे तिचं वेगळं प्रकरण आहे म्हणे. ते मला कुणीतरी वाचून रेकॉर्ड करून द्या." पुस्तकविक्रेत्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हक्काचा प्रश्न होता, म्हणून शेवटी प्रतच पाठवली. ताईंच्या मुलीनं ती आईला वाचून दाखवली. ऐकणं म्हणजे वाचणं का, हा विषय त्यानंतर पुन्हा निघाला नाही.

चौथ्या रविवारी कर्णाचा सगळ्यांनाच थोडा कंटाळा आला होता आणि तीच भेट मला सगळ्यात जास्त आठवते. चंद्रपूरचे सर म्हणजे निवृत्त वनपाल. आतापर्यंत ते फक्त 'हो, बरोबर' एवढंच म्हणायचे. त्यांनी 'युगान्त'मधलं 'मयसभा' हे प्रकरण काढलं. कृष्ण आणि अर्जुन अग्नीला खाऊ घालायला खांडववन जाळतात, पळू पाहणाऱ्या प्राण्यांना मारतात, त्याबद्दल इरावतीबाईंनी तिथं कडक लिहिलं आहे. सर म्हणाले, "मी नोकरीत वणवे पाहिले. आग पुढं सरकू नये म्हणून उन्हाळ्याआधी आम्ही जाळरेषा काढायचो. मोहफूल वेचायला सोपं पडावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, तिथून आग निसटते. मोठं जनावर निघून जातं, बरं का. ज्यांचं घरटं जमिनीवर, त्यांचं काही खरं नसतं. तितराची अंडी. कासव. साप बिळात असला तर वाचला, पानांखाली असला तर संपला." मग त्यांनी आदिपर्वातली यादी सांगितली, पाठ होती त्यांना. त्या आगीतून सहा जण वाचले: मयासुर, तक्षकाचा मुलगा अश्वसेन आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. "चार पिल्लं जमिनीवरची आग कशी चुकवतील, हे मला नोकरीत कधी पटलं नसतं. पण लिहिणाऱ्यानं पिल्लं मोजली, ह्याचं बरं वाटतं." दादा म्हणाले, "सर, तुम्ही हे आधी का नाही बोलला?" सर म्हणाले, "मला वाटलं, इथं पुस्तकाबद्दलच बोलायचं असतं."

सगळं असं रंगत नाही, हेही सांगायला हवं. एका विनोदी कादंबरीवर आम्ही सगळे एकमतानं हसलो आणि वीस मिनिटांत फोन ठेवले. राजकीय पुस्तक घेतलं तेव्हा पानं राहिली बाजूला, लोक एकमेकांचे जुने मेसेज काढून दाखवायला लागले. डिसेंबर संपताना 'या वर्षी इतकी पुस्तकं वाचली' अशा याद्या अजूनही येतात. मला त्या आवडत नाहीत, पण त्यांतून चार नवी नावं मिळतात, म्हणून बोलत नाही. आणि रविवारी येणारे शेवटी दहा-बारा. गटात नावं शंभराच्या वर. बाकीचे काय करतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. मधेच कुणीतरी सहा महिन्यांनी उगवतं आणि एखाद्या जुन्या पानावर चांगला प्रश्न विचारून पुन्हा गायब होतं.

पुढचं पुस्तक निवडताना दादांनी आणखी एक कर्णच सुचवला, तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. आता लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घेतलं आहे. खुलं आहे, त्यामुळे म्युनिकला वाट पाहावी लागणार नाही आणि पुस्तकविक्रेतेही निवांत. अडचण एकच. कुणाकडं संक्षिप्त आवृत्ती, कुणाकडं चारही भाग एकत्र, ताईंची मुलगी मोबाईलवर वाचून दाखवणार. काल रात्री काकांनी गटात विचारलंय, ह्या वेळी पानं जुळवायची कशी ते आधी ठरवा. अजून ठरलेलं नाही; बाई म्हणतात प्रसंगाचं नाव द्या, दादा म्हणतात गावाचं नाव द्या, कारण लक्ष्मीबाई एका गावात टिकतात कुठं.